सेगोचा वाटा

अमिसे शिट्ट्या मारून मारून दमला, पण सेगो काही आला नाही.

सकाळपासून तो नांपेयाच्या रानात हिंडत होता. खांद्यावर कुऱ्हाड, पाठीला मधाचा डबा, हातात धुरासाठी हिरव्या पानांत गुंडाळलेली वाळक्या काटक्यांची पेंडी. सगळी तयारी जय्यत होती. नव्हतं ते फक्त पाखरू, आणि पाखराशिवाय मोहोळ शोधायला निघालेला माणूस दिवसभर वर बघून मान तेवढी दुखवून घेतो.

त्याच्या आईच्या गावी, नदीपलीकडच्या चिवंग्यात, दोन लांब शिट्ट्या दिल्या की सेगो हजर व्हायचा. दिसायला अगदीच साधं, चिमणीपेक्षा जरासं मोठं, मातकट पाखरू. पण ते कलकल करत झाडावरून झाडावर पुढे जायचं, माणसं मागे जायची, आणि ते गप्प झालं की समजायचं, मोहोळ इथेच आहे. माणसांनी धूर द्यावा, मध काढावा, आणि पाखरासाठी मेण ठेवावं. सेगोला मधापेक्षा मेणच प्यारं. हा व्यवहार कोणी कोणाला शिकवला, हा प्रश्न अमिसेला लहानपणापासून पडलेला होता. आता मात्र त्याला दुसरीच विवंचना होती.

याओ लोकांत लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. सगळेच घरजावई, त्यामुळे घरजावई म्हणून कोणी कोणाला हिणवत नाही. हिणवायला मग दुसरं काहीतरी शोधावं लागतं, आणि नांपेयाच्या लोकांना ती हौस दांडगी. नवा जावई वर्षभर पारखून घेतात. अमिसेने शेत खणलं, झोपडी उभारली, त्यात कोणी खोट काढली नाही. पण चार महिने झाले तरी त्याने मधाचा थेंब आणला नव्हता. शेवटी अतिजाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, मामा त्याच्या दारात येऊन उभा राहिला. कासिमोमामा सासूचा भाऊ आणि घराण्याचा कर्ता, म्हणून लग्नानंतरही याच गावी राहिलेला. त्याने जावयाला ठेव म्हटलं तर ठेवायचं, काढ म्हटलं तर काढायचं.

"जावईबापू," मामा म्हणाला होता, "पाऊस लागायच्या आत मध आण. नाही जमलं तर तुला आणणारा होडीवाला अजून जिवंत आहे."

अतिजा पोटुशी होती. मूल आईच्या कुळाचं, त्यामुळे बाप गेला तरी ते इथेच राहणार. तिला सोडून, मुलाचं तोंड न बघता नदी ओलांडायची, या विचारानेच अमिसे रोज उजाडायच्या आत रान गाठायचा.

त्या दिवशीही तो रिकाम्या डब्याने परतला. अतिजा उखळात मका कांडत होती. त्याचा चेहरा बघून तिने मुसळ थांबवलं.

"आजही शिट्टीच मारलीस?"

"मग काय मारणार? सेगोला शिट्टीच कळते."

"तुमच्याकडच्या सेगोला! आमच्याकडे शिट्टी कुत्र्याला मारतात. परवा तुझ्या शिट्टीने तीन कुत्री रानात गेली म्हणे."

"हसू नकोस गं."

"हसू नको तर काय करू? रडायला पाऊस लागेपर्यंत वेळ आहे." एवढं बोलून तिने मुसळ उचललं, पण पुढचा घाव तिला काही केल्या घालवेना. "लैतोनकडे जा. तोही बाहेरचाच आहे. लाज कसली वाटते तुला?"

लैतोन अतिजाच्या थोरल्या बहिणीचा नवरा, अमिसेचा साडू. बारा वर्षांपूर्वी तो सरोवराच्या बाजूने आला होता. अमिसे विचारायला आला याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं, की त्याने हातातलं टोपलं विणायचं बाजूला ठेवलं.

"इथे शिट्टी चालत नाही. जीभ टाळूला लावून घरघर करायची आणि शेवटी पोटातून हुंकार काढायचा. ब्र्र्र्र, हुम्! कर बघू."

अमिसेने केलं. लैतोनच्या शेळ्या बिचकून पळाल्या.

"आजारी उंटासारखं येतंय," लैतोन म्हणाला. त्याने जन्मात उंट पाहिला नव्हता. "पण येईल. मला दोन महिने लागले होते."

अमिसेला आठ दिवसांत जमलं. नवव्या दिवशी दोघे साडू मिळून निघाले. जळून गेलेल्या गवताच्या पलीकडे जाऊन अमिसेने हाक घातली, आणि लगेच समोरच्या फांदीवरून कलकल सुरू झाली. आनंदाने त्याला पुढची हाक घालवेना. तेच पाखरू, तोच मातकट रंग, शेपटीला तीच पांढरी किनार. पण चिवंग्यातल्या भावंडांना जे कळतं ते याला कळत नाही, आणि याला कळतं ते त्यांना नाही. पाखरंसुद्धा गाव बघून शिकतात की काय?

सेगो त्यांना एका जुन्या गोरखचिंचेपाशी घेऊन गेला आणि गप्प झाला. खोडात मेखा ठोकून लैतोन वर चढला, अमिसेने खालून धूर दिला. दोघांना मिळून पंधरावीस डंख बसले, आणि डबा गळ्यापर्यंत भरला. अमिसेच्या डोळ्यांसमोर अतिजाचा चेहरा आला.

"तू डबा घेऊन हो पुढे," लैतोन म्हणाला. "मागचं आवरून, आग विझवून मी येतो."

या गावाचं आगीविषयीचं भान अमिसेने रानात हिंडताना लांबून आधीही पाहिलं होतं. चिवंग्यात पायाने माती लोटली की झालं. इथे मात्र प्रत्येक जण एकेकटा मागे राहून आग विझवायचा, आणि त्याला बराच वेळ लागायचा. त्याला कौतुक वाटायचं.

"थांब, आधी पाहुण्याचा वाटा तर देऊ," तो म्हणाला. त्याने मोठी हिरवी पानं अंथरली आणि त्यांच्यावर मेणाचा, अंड्यापिलांचा चांगला ओंजळभर ढीग रचला, आईच्या गावी रचत तसाच.

लैतोन धावून आला. "अरे, अरे, असं उघड्यावर?" त्याने चहूकडे पाहिलं. पण तोवर उशीर झाला होता. सरपण गोळा करणाऱ्या दोन बायका वाटेवर उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडाचे आ मिटत नव्हते.

नांपेयाचा नियम असा, की मोहोळ काढल्यावर मेणाचा कण न कण जाळायचा. पाखरू उपाशी राहिलं तरच पुढचं मोहोळ दाखवतं. पोट भरलं की ते माणसाला विचारत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अमिसेला, आणि सांगायचं राहून गेलं याबद्दल लैतोन पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच शिव्या घालत होता.

संध्याकाळी आंब्याखाली बैठक बसली.

"ओंजळभर!" एक म्हातारा म्हणाला. "पानावर वाढून! लग्नाच्या पंगतीसारखं!"

"माझ्या गावी असंच करतात," अमिसे म्हणाला. "न ठेवलं तर सेगो पुढच्या वेळी सिंहाच्या तोंडी नेतो, असं म्हणतात."

"तुझ्या गावी जा मग, आणि सिंहाला पण वाढ," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. कासिमोमामा हसला नाही.

"पाखरू बिघडवलंस तू," तो म्हणाला. "मध आणलास म्हणून आज काही बोलत नाही. पण यापुढे कोणी एकटा जाणार नाही. जोडीने जायचं, एकमेकांवर नजर ठेवायची, आणि मेण दोघांच्या डोळ्यांदेखत जळलं पाहिजे."

एवढ्या चांगल्या नियमाला कोणी मान कशी डोलावली नाही, याचं अमिसेला नवल वाटलं. मग एकाने "बरोबर आहे" म्हटलं, आणि मागोमाग सगळ्यांनी म्हटलं.

पहिले चार दिवस सगळं सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी एका जोडीला सेगोने अर्ध्या वाटेवर सोडलं. मग दुसऱ्या जोडीला. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की गडी ब्र्र्र-हुम् करून घसा बसवायचे आणि सेगो लांबच्या फांदीवर बसून पंख साफ करायचा. गावात मध येईना. सगळ्यांची बोटं अमिसेकडे वळली. एका ढिगाने सगळं रान नासवलं, असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. अतिजा तिथे हंडा आपटून दोघींशी भांडली आणि घरी येऊन रडली.

"तूच नासवलंस का रे खरंच?" तिने विचारलं.

"एका पाखराने खाल्लं," अमिसे म्हणाला. "बाकीच्यांचं पोट कसं भरलं?"

हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. दुसरा त्याहून अवघड होता. साऱ्या गावात फक्त कासिमोमामाला सेगो अजून वाट दाखवत होता. मामाला जोडीदार नव्हता. त्याच्यावर नजर ठेवायची छाती कोणाची? पोतंबितं वाहायला एखादा भाचा न्यायचा तेवढाच. लोक म्हणत, मामाचं मन स्वच्छ, म्हणून पाखरू येतं. अमिसेला मामाबद्दल आदर होता, पण पाखराला माणसाच्या मनातलं कळतं यावर त्याचा विश्वास बसेना. पाखराला पोट असतं.

त्याने चौकशी सुरू केली. मेण जाळायचा नियम कोणी घातला? लैतोन म्हणाला, मला मामाने सांगितलं. म्हातारा म्हणाला, माझ्या आधीपासून आहे. आणखी एक जण म्हणाला, जगाच्या आरंभापासून; मग स्वतःच जरा घुटमळला आणि म्हणाला, निदान माझ्या लग्नाआधीपासून तरी.

उत्तर मिळालं ते सासूकडून. सासूने जावयाशी तोंड उघडून बोलायचं नाही, ही तिकडची मर्यादा. आबिबा ती कडक पाळायची. कुडाच्या पलीकडे बसून ती आपल्या कोंबडीशी बोलायची, आणि कोंबडीला काय सांगितलं ते जावयाला ऐकू यायचं.

"कोंबडे," ती म्हणाली, "कोणीतरी फार प्रश्न विचारत फिरतंय गं गावात."

अमिसे भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. त्याने हात थांबवले.

"त्याला सांग, मी लहान होते तेव्हा कोणी मेण जाळत नव्हतं. मग दुष्काळाचं वर्ष आलं. कंद संपले, मग मुळ्या संपल्या. माझा बाप दिवसाला चार-चार मोहोळं काढायचा. पाखरू खाऊन सुस्तावलं तर पोरं उपाशी राहायची, म्हणून तो मेण जाळायला लागला. पुढच्या वर्षी मका चांगला आला. पण तोवर सगळ्यांच्या हाताला सवय लागली होती, आणि ज्याने पोरं जगवली त्याचा शब्द मोडणार कोण?" तिने कोंबडीपुढे मूठभर कोंडा टाकला. "आणि कोंबडे, माझा बापही बाहेरचाच जावई. ती जिभेची घरघर त्यानेच आणली. त्याआधी इथे शिट्टीच मारायचे."

अमिसेच्या हातातली शेंग खाली पडली.

"शिट्टी? चिवंग्यासारखी?"

"या कोंबडीला काही विचारू नका म्हणावं," कुडापलीकडून उत्तर आलं. "तिला बोलता येत नाही."

अमिसेने शेंग उचलली, पण सोलायची विसरला. सेगोचं पिल्लू आपल्या आईजवळ वाढत नाही. आई वेड्या राघूच्या बिळात अंडं घालून निघून जाते. परक्या घरात वाढलेलं पोर माणसाची हाक शिकतं कुठून? माणसांकडूनच ना! आणि नांपेयाची माणसं शिकली कोणाकडून? एका परक्या जावयाकडून. आणि मेण जाळायचा जो नियम जगाच्या आरंभापासूनचा म्हणतात, तो तर या आबिबाबाईपेक्षा वयाने लहान आहे. त्याला हसू आलं, आणि लगेच होडी आठवून ते मावळलं.

ढग दिसू लागले तेव्हा कासिमोमामाने त्याला बोलावलं.

"उद्या माझ्याबरोबर चल. शेवटची खेप. पाखरू तुझ्या हाकेला आलं आणि तू मेण स्वतःच्या हाताने जाळलंस, तर राहा. नाहीतर परवा सकाळी होडी."

दुसऱ्या दिवशी मामा पुढे, अमिसे मागे, असे दोघे नदीकाठच्या झाडीत शिरले. एका वाळक्या ओढ्यापाशी मामा थांबला. "हं, घाल हाक."

अमिसेने डबा खाली ठेवला. त्याने जीभ टाळूला लावली. ब्र्र्र्र, हुम्. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्या वेळी शेपटीचं एक पीस तुटलेला सेगो थेट त्यांच्या डोक्यावर येऊन बसला आणि कलकल करू लागला. तो अमिसेकडे बघत नव्हता, मामाकडे बघत होता.

मोहोळ मोठं होतं. पोळ्याचा मधाने भरलेला कांदा काढून झाला, डबा भरला. अमिसेने रितं पोळं गोळा केलं. वर फांदीवर पाखरू वाट बघत बसलेलं होतं. ज्याने घर वाचवलं त्याच्यासमोर त्याचा घास जाळायचा! आई काय म्हणेल, असं त्याला वाटलं. मग अतिजा आठवली. त्याने मेण आगीत टाकलं. ते वितळून पेटलं, काळा धूर निघाला, आणि अमिसेने मान दुसरीकडे वळवली.

"डबा घेऊन हो पुढे," मामा म्हणाला. "मी आग विझवून येतो. गवत पेटलं तर गाव जाईल."

अमिसे ओढ्यापर्यंत गेला आणि त्याला आठवलं, कुऱ्हाड झाडाला टेकवून ठेवलेली तशीच राहिली. तो परत फिरला.

मामा आगीपाशी नव्हता. तो झाडामागे उकिडवा बसला होता. सदऱ्याच्या खिशातून त्याने पानात बांधलेला मेणाचा तुकडा काढला, अंगठ्याएवढाच, दगडावर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ये रे, ये. आज उशीर झाला." तुटक्या पिसाचा सेगो उतरला आणि मामाच्या पायाजवळ बसून खाऊ लागला.

अमिसेच्या पायाखाली काटकी मोडली. मामाने वर पाहिलं.

सेगो खातच राहिला.

"काय बघतोस?" शेवटी मामा म्हणाला. "आग विझवतोय."

"विझवा ना मामा," अमिसे म्हणाला. "मी कुऱ्हाड न्यायला आलो."

त्याने कुऱ्हाड उचलली. जावं की थांबावं ते त्याला कळेना. जो प्रश्न महिनाभर डोक्यात घोळत होता, तो आता आपोआप सुटला होता आणि त्यातून दुसरा निघाला होता. तो न विचारता त्याला राहवेना.

"मामा, लैतोनही मागे थांबायचा आग विझवायला. ते म्हातारेबाबाही. जोडीने जायचं ठरलं तेव्हापासून कोणी थांबत नाही. आणि तेव्हापासूनच पाखरू येत नाही."

मामा उकिडवाच होता. तो उठता उठता पुन्हा खाली बसला.

"सगळेच?" तो म्हणाला.

"मी कोणाला पाहिलं नाही. पण विझवायला सगळ्यांनाच फार वेळ लागायचा."

"मला वाटायचं मी एकटाच." मामाने तोंडावरून हात फिरवला. तो एकदम म्हातारा दिसू लागला. "बापाने घातलेला नियम. त्या वर्षी त्याने मला जगवलं त्याच्यावर. तीस वर्षं मी शरमेने मेलो रे, की कासिमो, तूच तेवढा घरभेदी." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो पाखराकडे बघत राहिला. "बापही थांबायचा मागे. दुष्काळ सरल्यावर. मी म्हणायचो, आगीला किती जपतो हा माणूस."

सेगोने तुकडा संपवला, चोच दगडावर पुसली आणि उडून गेला.

त्या संध्याकाळी आंब्याखाली पुन्हा बैठक बसली. अमिसे सगळ्यांच्या मागे बसला. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं, अतिजालाही नाही. मामाच्या मनात असतं तर गुपित बाहेर फुटण्याआधी जावयाला नदीपार करणं सगळ्यांत सोपं होतं.

"नियम होता तोच आहे," कासिमोमामा म्हणाला. "मेण जाळायचं. जावयाने आज माझ्या डोळ्यांदेखत जाळलं. पण एकमेकांवर नजर ठेवायची ते बंद. दोन माणसं विझवायला लागली की आग नीट विझत नाही, असं माझ्या ध्यानात आलं. ज्याने मोहोळ काढलं त्याने एकट्याने मागे थांबायचं. पुढे गेलेल्याने मागे वळून बघायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. या वेळी जरा जास्तच घाईने. लैतोन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. म्हातारा आभाळाकडे बघत होता. कोणी कोणाच्या नजरेला नजर देईना, आणि अमिसेला हसू इतकं अनावर झालं, की त्याने खोकल्याचं निमित्त केलं.

"आणि जावई?" कोणीतरी विचारलं.

"कोणता जावई?" मामा म्हणाला. "अमिसे होय? तो आपलाच आहे."

घरी परतला तर कुडापलीकडे बोलणं चाललं होतं. "कोंबडे, त्याला सांग, पावसाआधी छप्पर शाकारून घे. गळक्या घरात बाळंतीण ठेवणार आहे का?" अतिजाने त्याच्याकडे बघितलं आणि पदराने तोंड झाकलं, हसत होती की रडत होती, ते अमिसेने विचारलं नाही.

चार दिवसांनी तो आणि लैतोन रानात गेले. सेगो तिसऱ्या हाकेला आला, जरा लांबच बसला, पण आला. मध निघाला. या वेळी डबा लैतोनने उचलला.

"तू विझव," तो म्हणाला आणि चालू लागला.

अमिसेने पोळं जाळायला घेतलं. त्याआधी एक ओंजळ बाजूला काढली, चिवंग्याच्या रीतीची. ती हातात धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यातला अंगठ्याएवढा तुकडा मोडून पानावर ठेवला आणि बाकीचं आगीत टाकलं. पाणी ओतून निखारे नीट विझवले. वाटेला लागल्यावर मागे पंखांची फडफड झाली. त्याला फार बघावंसं वाटलं, पण मागे वळून बघायचं नाही हा आता गावाचा नियम होता.